लांबलेली लढाई राज्यकर्त्यांवरच उलटते
(मुधोळ येथील भाषण)

गोदाकाठच्या शेतकरी व मच्छीमार बंधुभगिनींनो,

तुमच्या मुधोळवर राज्य करणाऱ्या निजामाने सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत हार मानली. आमचा गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पण पोर्तुगालला ते मान्य करायला तेरा वर्षे लागली. सालाझारला साम्राज्य सोडवत नव्हते.

१९६१ मध्येच अंगोलात बंड पेटले. मग गिनीत, १९६४ साली मोझांबिकमध्ये. पोर्तुगालच्या शेतकऱ्या-कोळ्यांची पोरे सक्तीने आफ्रिकेत धाडली गेली. सरकारला जाब विचारण्याची सोय नव्हती. हजारो तरुण चोरवाटेने फ्रान्सला गेले. कॉड मासळीच्या बोटींवर ठरावीक मोसम काढले की लष्करी नोकरी माफ होई; कैकांनी तो थंडगार समुद्र पत्करला.

अखेर लढून विटलेल्या कॅप्टनांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी राजवट उलथवली. त्याच ३१ डिसेंबरला करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरील भारताची सत्ता मानली. १९७५ मध्ये तिथल्या जनतेने मोकळेपणी मतदान केले.

बंधूंनो, ज्यांची पोरे मरतात त्यांना न विचारता चालवलेली लढाई शेवटी राज्यकर्त्यांच्याच दारात येते.

जय हिंद!