बोधचिन्ह : नक्कल आणि अस्सल
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा धंदा पेंटरचा. आयुष्य दुकानांच्या पाट्या, मार्के आणि लेबले रंगविण्यात गेले. व्यासपीठावर बोलण्याची मला सवय नाही. तरीही आज आलो, कारण एक गोष्ट मनात सलते आहे आणि ती तुमच्यासमोर सांगितल्याशिवाय हलके वाटणार नाही.

काही दिवसांपूर्वी एका शाळेने विद्यार्थ्यांकडून बोधचिन्हे मागविली होती. परीक्षक म्हणून मला बोलाविले होते. टेबलावर चित्रे मांडली तेव्हा थक्क झालो. उघडे पुस्तक, पेटलेली ज्योत, मागे पृथ्वीचा गोल. जवळजवळ प्रत्येक कागदावर हेच. एका मुलाला विचारले, "बाळ, हे कुठून सुचले?" तो निरागसपणे म्हणाला, "सर, मोबाईलवर असलीच मिळतात."

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकारच नव्हता. तरुणपणी एका गूळ व्यापाऱ्याने मला गुळाच्या रव्यांसाठी मार्का काढावयास सांगितले होते. मी एका परदेशी मासिकातील जाहिरातीतून पंख पसरलेला पक्षी उचलला, रंग बदलले आणि दिला. लेबले छापून आली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावच्या मालावर तोच पक्षी दिसला. त्या पेंटरनेही बहुधा तेच मासिक पाहिले असावे! गिऱ्हाइकांचा घोटाळा होऊ लागला आणि सगळी लेबले रद्दीत गेली. व्यापारी माणूस समजूतदार. त्यांनी एवढेच विचारले, "पेंटर, पक्षी झकास आहे हो. पण आमच्या गुळात तो आला कुठनं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मित्रहो, चिन्हकलेचे सारे शास्त्र त्या एका प्रश्नात आहे.

आपण 'अस्सल' हा शब्द रोज वापरतो. तो अरबीतील 'अस्ल'वरून आला आणि त्याचा अर्थ आहे मूळ. अस्सल म्हणजे जगात कोणी कधी पाहिलेच नाही असे काहीतरी विचित्र नव्हे. ज्याला स्वतःचे मूळ आहे, ते अस्सल.

याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत व्ही. शांताराम, दामले यांच्याबरोबर आपल्या भागातील शेख फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा, होते. बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले हे कलावंत. पुढे दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. या प्रभातचे चिन्ह आठवा : तुतारी फुंकणारी स्त्री. प्रभात म्हणजे पहाट. दिवस उगवला हे सांगण्यासाठी त्यांनी परदेशी कंपनीचा सिंह किंवा कोंबडा घेतला नाही. आपल्याकडे मंगल प्रसंगी आणि स्वागताला जी तुतारी वाजते तीच घेतली. कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, पुढे बंदही झाली. पण ती तुतारी जुन्या माणसांच्या कानात अजून वाजते.

दुसरे उदाहरण तुमच्या खिशातले. रुपयाच्या चिन्हासाठी सरकारने स्पर्धा ठेवली, तेव्हा तीन हजारांहून अधिक चिन्हे आली. १५ जुलै २०१० रोजी डी. उदयकुमार यांचे चिन्ह स्वीकारले गेले. त्यांनी काय केले? आपला 'र' घेतला, त्यात रोमन 'आर'ची आठवण ठेवली आणि वरची शिरोरेषा राखली. अक्षर आपण सर्वांनी पहिलीतच गिरविले होते. नवी होती ती नजर.

मग दुसऱ्यांचे पाहूच नये काय? अवश्य पाहावे. आपले अबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये विलायती पद्धतीची कला शिकले. परंतु परत आल्यावर त्यांनी विलायतेची दृश्ये काढली नाहीत. कोटीतीर्थ काढले, रंकाळ्याचा संध्यामठ काढला. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार १९३१ मध्ये निवर्तला, तरी त्याची चित्रे पाहताना आजही कोल्हापूरचीच हवा जाणवते. तंत्र बाहेरून घ्यावे, मूळ मात्र आपले असावे.

आणि मूळ दुसऱ्याचे असेल तर तसे सांगावे. जून २०२५ मध्ये मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मिरविल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. आपण सारे संतापलो. ओरड झाल्यावर कंपनीने आपल्या कारागिरांच्या परंपरेचे ऋण मान्य केले. तो संताप योग्यच होता. पण मग दुसऱ्याचे चित्र उचलून खाली आपले नाव घालणाऱ्या मुलाला आपण "हुशार आहे" कसे म्हणतो?

विद्यार्थी मित्रांनो, चिन्ह काढावयाचे झाले तर प्रथम मोबाईल बाजूला ठेवा. ज्याचे चिन्ह आहे त्याच्याकडे जाऊन बसा. तो काय करतो, कशाने करतो, लोक त्याला कशावरून ओळखतात, हे विचारा. मग पेन्सिलीने वीस-पंचवीस कच्ची चित्रे काढा. पहिली चार-पाच पूर्वी कुठेतरी पाहिलेलीच निघतील, ती टाका. उरलेल्यांतले एक निवडून फक्त काळ्या शाईत, रुपयाच्या नाण्याएवढे काढा. ओळखू आले तर ठीक. नाही तर त्यात फापटपसारा आहे. संगणक त्यानंतर. आज संगणकाला दोन ओळी सांगितल्या की क्षणात ढीगभर चिन्हे समोर येतात. पण त्या शाळेच्या अंगणात काय आहे, हे त्याला कोण सांगणार?

आता त्या स्पर्धेकडे वळतो. सातवीतल्या एका मुलीने वेगळेच चित्र काढले होते. त्या शाळेत चिंचेच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला आहे आणि हातोडीने तो वाजविला की शाळा भरते. तिने तो तुकडा आणि हातोडी काढली होती. रेघा वाकड्या, रंग सांडलेला. पण त्या शाळेखेरीज दुसऱ्या कोणत्याही शाळेचे ते चिन्ह होऊच शकत नव्हते. इतर परीक्षक म्हणाले, "याला शोभा नाही." मी थोडे बोललो आणि गप्प बसलो. पहिले बक्षीस पुस्तक-ज्योतीला गेले. निकालपत्रावर माझीही सही आहे.

पालकहो, म्हणून ही विनंती. चित्रकलेत काय ठेवले आहे, असे म्हणू नका. मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवा. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, घरी वाकडेतिकडे चित्र आले तर आधी रेघ पाहू नका. "हे तुला कुठे दिसले?" असे विचारा. मूल म्हणाले, "आपल्या दारात", तर त्या कागदाला जपा. रेघ सरावाने सुधारते. पण आपल्या दारातले पाहण्याची नजर एकदा गेली की ती परत आणणे कठीण असते.

त्या मुलीला मी हे तेव्हाच सांगावयास हवे होते. ते आज तुमच्यापाशी सांगितले.