पत्र्याखालचा वर्ग

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



कांद्याची चाळ कशी बांधावी हे आपणांस कोणी सांगावयास नको. तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी, वर शक्यतो कौले किंवा सिमेंटचे पत्रे. लोखंडी पत्रा तापतो व कांदा सडतो, म्हणून आपण तो टाळतो. मात्र त्याच गावात शाळेची जादा खोली किंवा अंगणवाडी उभारावयाची झाली, की पहिली मागणी लोखंडी पत्र्याची! कांद्यास जे सोसत नाही ते पहिलीच्या मुलाने सोसावे, असा हा व्यवहार आहे. एका वाडीवर गुरुजींनी वर्ग चिंचेखाली हलविलेला मी पाहिला. दप्तरी नोंद मात्र ‘खोली उपलब्ध’ अशीच होती.

लेण्याद्रीच्या लेण्यांत भर दुपारी गारवा असतो, कारण खडकाच्या जाडीतून ऊन आत पोहोचावयास फार वेळ लागतो. पत्र्यास जाडीच नाही. एप्रिलमध्ये तो हातास चटका बसेल इतका तापतो आणि ती धग थेट खाली बसलेल्यांच्या डोक्यावर येते. पंखा लावावा, तर तो आढ्याशी साठलेली गरम हवाच खाली ढकलतो. सूर्यास्तानंतर पत्रा लवकर निवतो हे खरे. पण तेव्हा शाळा सुटलेली असते.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. नवा जस्ती पत्रा चकाकतो, ऊन परतवितो. पण शोषलेली उष्णता सहजी सोडीत नाही. पांढरा चुना दोन्ही कामे करतो. पावसाने तो धुपतो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा द्यावा. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे तेथील गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम त्यात आले. पत्र्याखाली थोडी पोकळी ठेवून बांबूचे तट्टे बसविले, तर धग आणखी अडते. वर उसाचे पाचट पसरण्याची रीतही आहे, परंतु आगीचे भय पाहता शाळेवर ते नको.

दुसरी गोष्ट हवेची. गरम हवा वर चढते. तिला आढ्यापाशी वाट हवी आणि खालून गार हवेस प्रवेश हवा. यांपैकी एक असून दुसरे नसेल तर हवा हालत नाही. दोहोंमधील उंची जितकी अधिक, तितका ओढा अधिक. भीमाशंकराच्या बाजूस पाऊस तिरपा मारतो, तेव्हा आढ्यावरील झरोक्यास रुंद टोपी अवश्य घालावी.

येथे एक अडचण आहे, जी बांधकामाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. ती बिबट्याची. मळ्यातील पत्र्याच्या घरांत माणसे रात्री खिडक्या लावून घेतात आणि उकाड्यात तळमळतात. त्यांना ‘खिडकी उघडी ठेवा’ असा उपदेश करणे व्यर्थ होय. खालच्या प्रत्येक झरोक्यास भिंतीत पक्की रोवलेली लोखंडी जाळी हवी.

नव्या खोलीचा ठराव करताना जाळी, झरोके व तट्टे यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. छप्पर एकदा चढले, की आढे उघडावयास कंत्राटदार पुन्हा येत नाही.