मोजल्याशिवाय मोडीत नको
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



जुनी रेडिओ-मापनयंत्रे जमविण्याचा मला छंद आहे. “गडचांदुरात हे खूळ कशाला?” असे पुष्कळजणी विचारतात. ऐका तर.

मामंजींच्या रेडिओवर बाकीची केंद्रे लागत. १९४८ साली सुरू झालेले नागपूर तेवढे लागेना. दुरुस्तीवाला म्हणाला, “कॉईल गेली. मोडीत द्या.” मामंजी गप्प बसले.

मी कॉईल सोडवून जुन्या ब्रिजला जोडली. ब्रिज म्हणजे तराजूच! एकीकडे अनोळखी कॉईल, दुसरीकडे ठाऊक असलेली मापे. कानाला हेडफोन लावून तबकड्या फिरवायच्या. गुणगुण अगदी बारीक झाली की आकडा वाचायचा. आला २०० मायक्रोहेन्री. कॉईल शाबूत!

नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झसाठी अशा कॉईलला सुमारे ३७० पिकोफॅरड लागतात. केंद्रे बदलण्याचा कंडेन्सर तिथवर फिरवला, तो त्याची दोन पाने एकमेकींस टेकलेली! ती हळूच सरळ केली. संध्याकाळी नागपूर बोलू लागले. मामंजींनी खुर्ची पुढे ओढली.

एक सांगते : प्लग काढल्यावरही व्हॉल्व्हच्या रेडिओत वीज साठून राहते. शिकल्यावाचून हात घालू नका. पण मोजल्यावाचून कशालाही निकामी म्हणू नका.