चाळिशी आणि मजुरी



वयाच्या चाळिशीला जवळचे अक्षर पुसट होऊ लागते, आणि मग लागणाऱ्या चष्म्यालाही आपण 'चाळिशी'च म्हणतो. हा शब्द उच्चारताना डोळ्यांपुढे वर्तमानपत्र येते. सुई, विडीचे पान वा धान्यातील खडा येत नाही. परंतु चाळिशी हातावर पोट असणाऱ्यालाही येते.

२०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आसामच्या चहामळ्यांतील एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. चाळीस वा अधिक वयाच्या, जवळचे नीट न दिसणाऱ्या सुमारे साडेसातशे कामगारांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला चष्मे लगेच मिळाले, दुसऱ्याला प्रयोग संपल्यावर. पहिल्या गटाची पानतोडणी दुसऱ्याच्या तुलनेने दिवसाला सव्वापाच किलोंनी, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. हात तेच, मळा तोच; बदलली ती केवळ नजर.

एवढी वाढ एखाद्या यंत्राने दिली असती, तर मालकाने त्यासाठी कर्ज काढले असते. चष्म्याचा खर्च मात्र कामगाराच्या माथी! वाढलेल्या उत्पादनात ज्याचा वाटा मोठा, त्यानेच हा भार उचलणे न्याय्य होय.

तथापि, शिबिर भरवून चष्मे वाटल्याने कर्तव्य संपत नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही. तो बाजूची नजर हळूहळू खात जातो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहाने नेत्रपटलाला होणारी इजाही प्रारंभी जाणवत नाही. म्हणून नंबर, डोळ्यातील दाब आणि बाहुली मोठी करून नेत्रपटलाची पाहणी, अशी सर्वंकष तपासणी ठरावीक काळाने व्हावयास हवी.

१९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यातून झालेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे मोल मोठे आहे. परंतु दृष्टी गेल्यावर धावणे वेगळे आणि जाण्यापूर्वी पाहणे वेगळे.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचे दिसत नाही. म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते. कामगार तपासणी टाळतो तो अज्ञानापोटीच नव्हे, तर या हिशेबापोटीही. म्हणून संघटनांच्या मागणीपत्रात वेतन आणि बोनस यांच्या जोडीला नियमित नेत्रतपासणी व त्या दिवसाची भरपगारी रजा हे कलम आले पाहिजे. ज्यांना कायम मालकच नाही, त्या असंघटितांसाठी ही सोय सरकारी दवाखान्यात मागावी लागेल. डोळे शाबूत राखण्याचा हक्क हा श्रमाच्या हक्काचाच भाग आहे.