मुख्याध्यापक आणि सहकारी
(मुख्याध्यापक शिबिरातील भाषण)



शाळेच्या प्रमुखाला अधिकार आज्ञापत्राने मिळतो. सहकाऱ्यांचे मन मात्र आज्ञापत्राने मिळत नाही. ते कसे जिंकावे, याचा धडा शिक्षकी सोडून कारखानदार झालेल्या एका गृहस्थाच्या चरित्रात सापडतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ दिलेल्या ३२ एकर माळावर, १९१० साली, त्यांनी कारखाना व वसाहत उभारली. तीच किर्लोस्करवाडी.

स्वतः डावलल्या गेलेल्या या गृहस्थांनी जगाने डावललेली माणसे जवळ केली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती रात्रीचा पहारा सोपविला गेला. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. माणसाकडे काय नाही, यापेक्षा काय आहे, हे पाहण्याची ही दृष्टी होय.

शाळेतही हीच दृष्टी हवी. एखाद्या शिक्षकाची टाचणवही अपुरी असते, पण त्याने कविता म्हणावयास घेतली की शेवटच्या रांगेतील मूलही मान वर करते. अशा शिक्षकाच्या वाट्याला केवळ शेरे आले, तर वही कदाचित पूर्ण होईल. कविता मात्र मुकी होईल. तोटा शिक्षकाचा नव्हे, मुलांचा.

म्हणून मुख्याध्यापकाने तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. कामाची वाटणी करण्यापूर्वी प्रत्येक सहकाऱ्याची आवड व अडचण विचारावी. एकदा सोपविलेल्या कामात पावलोपावली हात घालू नये. चूक एकांतात सांगावी आणि गुण चारचौघांत सांगावा.

विश्वास म्हणजे डोळेझाक नव्हे. मुलांचे नुकसान करणाऱ्या कसुरीची दखल घेतलीच पाहिजे. परंतु ती घेताना 'हा शिक्षक सुधारावा कसा?' हा प्रश्न मनात असावा, 'हा सापडला कसा?' हा नव्हे. ज्या शाळेत शिक्षकाला मान मिळतो, तेथे मुलाला मान देण्याचे निराळे परिपत्रक काढावे लागत नाही.