भुयार दिसेल का?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



चांदबिबी महालाच्या सहलीत आपला एक मित्र छातीठोकपणे सांगायचा, "इथून थेट किल्ल्यापर्यंत भुयार आहे." तो महाल म्हणजे सलाबतखानाची कबर, हे आपल्याला पुढे कळलं. मित्र आज समोरच बसलाय, म्हणून हा विषय.

न खोदता दगडाच्या पोटात पाहायची एक युक्ती आहे. अवकाशातून येणारे किरण वातावरणावर आदळले की म्यूऑन नावाचे कण तयार होतात. आत्ताही तुमच्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातोय. दगडात ते अडत जातात. वाटेत पोकळी असली तर जास्त पोचतात. उपकरण महिनोन्‌महिने मोजत राहतं आणि कुठल्या दिशेने अपेक्षेपेक्षा जास्त कण आले, ते प्रोग्राम शोधतो. मी पोटासाठी करते तसलंच काम, फक्त धीर फार लागतो.

आपल्याकडे हे कण नवे नाहीत. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९६५ मध्ये न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. इतकं खोल जायचं कारणच म्यूऑनचा त्रास टाळणं!

खुफूच्या पिरॅमिडमधली किमान ३० मीटर लांबीची पोकळी २०१७ साली जाहीर झाली. त्यासाठी फिल्म ठेवल्या होत्या राणीच्या दालनात, म्हणजे पोकळीच्या खाली. गोम इथेच आहे. कण वरून येतात, म्हणून उपकरण खाली हवं.

त्यामुळे श्रीरामपूर तालुक्यातल्या आपल्या दायमाबादला ही युक्ती फारशी चालायची नाही. प्रवरेकाठच्या त्या पांढरीखाली जायचं तर आधी खोदावंच लागेल. १९७४ मध्ये तिथला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, ते छबू लक्ष्मण भिल झाडाचं खोड उपटत होते म्हणून. चारही मिळून ६० किलोंहून जड, पण एवढ्याशा वस्तू म्यूऑनने दिसल्याही नसत्या. गुप्तधनवाल्यांनी लक्षात ठेवावं.

किल्ल्याचं वेगळं. भोवती खंदक आहे. तिथे उपकरण ठेवलं तर तिरपे येणारे कण तटातून येतील. बुरुजात बुजलेली खोली असेल तर कळू शकेल. महालापर्यंतचं भुयार मात्र नाही. आणि "काही नाही" हेही उत्तर असतं. लुई अल्वारेझ यांना खाफ्रेच्या पिरॅमिडच्या तपासलेल्या भागात एकही दालन मिळालं नाही. त्यांनी १९७० मध्ये तसंच छापलं.

मित्रा, किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. परवानगीचा अर्ज मी लिहिते. खंदकात उपकरण उतरवायला तू ये.