तेलाचा थेंब कोठून आला?

घरच्या घरीं मोटार दुरुस्त केल्याचा अभिमान बहुधा एकच रात्र टिकतो. एका रविवारीं मीं माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनावरील झडपांचें झांकण काढून त्याखालचें गॅस्केट बदललें. सोमवारीं सकाळीं पाहतों तों, इंजिन व गिअरबॉक्स जेथें जुळतात त्या सांध्याखालीं जमिनीवर रुपयाएवढा काळा डाग! एका जाणत्या स्नेह्यांनीं उभ्या उभ्या निदान केलें, "क्रँकशाफ्टचें मागचें सील गेलें." तें बदलावयाचें म्हणजे गिअरबॉक्स उतरविणें आलें, आणि तो खर्च माझा महिन्याचा पगार गिळणारा होता.

परंतु थेंब जेथें पडतो तेथेंच तो उगम पावतो, असें नाहीं. छपरांतून झिरपणारें पाणी वाशावरून वाहत जाऊन भलत्याच खोलींत टपकतें, हें आपण पावसाळ्यांत पाहतोंच. तेलही वरून खालीं उतरतें आणि गाडी धांवत असतां वाऱ्यानें मागें ढकललें जातें. म्हणून ओल्या जागांपैकीं सर्वांत वरची व सर्वांत पुढची जागा शोधावी. आणि आपला हात ज्या भागास शेवटीं लागला, त्याचा संशय प्रथम घ्यावा.

मीं थंड इंजिन चिंध्यांनीं कोरडें पुसलें, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली, उघड्या जागीं तें पंधरा मिनिटें चालविलें आणि बंद करून विजेरीच्या उजेडांत पाहिलें. झांकणाच्या मागच्या कोपऱ्यांतून पांढऱ्या भुकटींत एक तपकिरी रेघ खालीं उतरली होती! झांकण काढलें, तों तेथें जुन्या गॅस्केटचा कडक तुकडा चिकटलेला. शिवाय बोल्ट मीं अंगच्या जोरानें आवळल्यामुळें पत्र्याची कडही वांकली होती. अशा लहान बोल्टांना बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. तें काम मनगटाचें, खांद्याचें नव्हे. तुकडा खरवडला, कड सरळ केली, नवें गॅस्केट बसविलें आणि गळती थांबली. बिचारें सील निर्दोष होतें.

घरीं तेल बदलल्यानंतर गळती लागली, तर आणखी तीन गोष्टी पाहाव्या. जुन्या फिल्टरचें रबरी कडें इंजिनासच चिकटून राहिलें नाहीं ना? तळच्या बुचाची चकती नवी घातली ना? तेल मोजपट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे गेलें नाहीं ना?

मात्र केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीं शिरूं नये. तप्त धुराड्यावर तेल ठिबकत असेल, तर आगीचें भय आहे. गाडी हलवूं नये. चालतां चालतां तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर तत्क्षणीं थांबून इंजिन बंद करावें. तेलावांचून कांहीं मिनिटांतच बेअरिंगें निकामी होतात.

दुसऱ्याच्या सीलला दोष देणें सोपें असतें. आपण आवळलेला बोल्ट पुन्हां तपासणें जिवावर येतें. परंतु पदरचा पगार वांचतो तो त्यानेंच.